लाइम रोग : दीर्घकालीन लक्षणांवरील स्वयंउपचार

गोचिडीच्या चाव्यातून माणसाच्या शरीरात शिरणाऱ्या बोरेलिया वंशातील मळसूत्राकृती जंतूंमुळे लाइम रोग होतो. तो झाल्यावर, किंवा तो झाला आहे अशा समजुतीने, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने चालवलेली औषधयोजना म्हणजे येथील स्वयंउपचार. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य भागात व विस्कॉन्सिन-मिनेसोटा पट्ट्यात, तसेच मध्य व उत्तर युरोपात आढळतो. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार २०१० ते २०१८ या काळात तेथे दरवर्षी सुमारे ४,७६,००० लोकांचे लाइम रोग म्हणून निदान झाले व त्यांच्यावर उपचार झाले. बहुतेक जण प्रतिजैविकांच्या पहिल्या क्रमातच बरे होतात. जे होत नाहीत, त्यांच्यातून स्वयंउपचाराकडे वळणारे रुग्ण येतात.

इतिहास : रोगाचे पहिले वर्णन कोणाचे, याबाबत एकमत नाही. ब्रेस्लाउ येथे आल्फ्रेड बुखवाल्ट यांनी १८८३ मध्ये हातापायांची त्वचा कागदासारखी पातळ होत जाणाऱ्या विकाराची नोंद केली. हा विकार आज याच संसर्गाची उशिराची अवस्था मानला जातो. परंतु बुखवाल्ट यांनी त्याचा गोचिडीशी संबंध जोडला नव्हता. स्टॉकहोम येथे १९०९ मध्ये आर्विड अफ्झेलियस यांनी गोचीड चावल्यानंतर वर्तुळाकार पसरत जाणारा लाल चट्टा दाखवला. कारण आणि लक्षण यांची सांगड प्रथम येथे पडत असल्याने अग्रक्रम अफ्झेलियस यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. ल्याँ येथील गारँ व बुजादू यांनी १९२२ मध्ये तंत्रिकांच्या दाहाची भर घातली. १९५१ पर्यंत स्वीडनमध्ये अशा चट्ट्यावर पेनिसिलीन वापरून गुण आल्याचे प्रसिद्ध झाले होते, म्हणजे जंतू सापडण्याच्या तीस वर्षे आधी त्यावरचे औषध हाती होते. जंतू स्वतः फार जुना आहे. जनुकीय अभ्यासानुसार उत्तर अमेरिकेत तो किमान ६०,००० वर्षे वावरत असावा.

रोगाला नाव मिळाले ते कनेटिकट राज्यातील लाइम या गावामुळे. १९७५ च्या सुमारास तेथील मुलांमध्ये गुडघे सुजण्याचे प्रमाण अचानक वाढल्याचे दोन मातांच्या लक्षात आले. एकीच्या घरातील जवळजवळ सर्वच माणसे वर्षानुवर्षे आजारी होती आणि डॉक्टरांकडून तिला नीट उत्तर मिळत नव्हते. त्या दोघींनी पाठपुरावा केल्यावर येल विद्यापीठातील ॲलन स्टीअर यांनी पाहणी करून १९७७ मध्ये ‘लाइम संधिशोथ’ प्रसिद्ध केला. पुढे माँटाना राज्यातील हॅमिल्टन येथे विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या आतड्यात मळसूत्राकृती जंतू दिसले (१९८१) व त्याला १९८४ मध्ये बोरेलिया बर्गडॉर्फेरी असे नाव मिळाले. या कथेतील एक गोष्ट पुढच्या सर्व वादाच्या मुळाशी आहे. डॉक्टरांनी नाकारलेले दुखणे आईच्या चिकाटीमुळे खरे ठरले, ही आठवण अमेरिकेतील रुग्णांच्या मनातून गेलेली नाही. स्वयंउपचार करणाऱ्याला केवळ अडाणी ठरवणारे लेखन म्हणूनच उपयोगाचे नाही.

संज्ञेचा वाद : ‘दीर्घकालीन लाइम’ या एकाच नावाखाली निरनिराळे रुग्ण मोडतात. २००७ मध्ये मांडलेल्या एका वर्गीकरणात त्यांचे चार गट केले आहेत. एका टोकाला संसर्गाचा कोणताही पुरावा नसलेले, दुसऱ्या टोकाला योग्य उपचार होऊनही सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ थकवा, अंगदुखी व विस्मरण राहिलेले. या शेवटच्या गटाला ‘उपचारोत्तर लाइम लक्षणसमूह’ म्हणतात आणि त्याचे अस्तित्व आता सहसा कोणी नाकारत नाही. वाद आहे तो कारणाचा. उंदीर व माकडांवरील प्रयोगांत प्रतिजैविकांनंतरही जंतूंचे अवशेष आढळले. पण ते जिवंत व रोगकारक आहेत हे सिद्ध झालेले नाही. जंतूच्या भित्तिकेचे तुकडे सांध्यातील द्रवात उरतात व शरीर त्यांच्याशी झगडत राहते, असे २०१९ मध्ये दाखवण्यात आले. सांधेसुजेच्या बाबतीत हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे. थकवा व विस्मरण त्याने उलगडतातच असे नाही.

व्यवहाराच्या दृष्टीने निर्णायक ठरले ते नियंत्रित चाचण्यांचे निष्कर्ष. क्लेम्पनर (२००१), क्रुप (२००३) व फॅलन (२००८) यांच्या अमेरिकेतील आणि बेरेंडे (२०१६) यांच्या नेदरलँड्समधील अभ्यासांत दीर्घ प्रतिजैविकांनी टिकाऊ सुधारणा झाली नाही. क्रुप यांच्या अभ्यासात थकवा काहीसा उतरला, फॅलन यांच्या अभ्यासात स्मरणशक्ती काही आठवडे सुधारून पुन्हा ढासळली. लांबलेल्या उपचाराचे समर्थक याच दोन गोष्टींवर भर देतात. मात्र त्याच चाचण्यांत औषध देण्यासाठी शिरेत घातलेल्या नळीमुळे गंभीर उपद्रवही झाले, हे त्यासोबत सांगितले पाहिजे.

‘हर्क्स’ची फसगत : आडोल्फ यारिश (१८९५) व कार्ल हेर्क्सहायमर (१९०२) यांनी उपदंशावर पारा दिल्यानंतर पुरळ व ताप उसळतो असे पाहिले. मरणाऱ्या जंतूंमुळे येणारी ही प्रतिक्रिया लाइम रोगातही काही रुग्णांत दिसते. ती सहसा पहिल्या मात्रेनंतर चोवीस तासांच्या आत येते व एकदोन दिवसांत ओसरते. रुग्णांच्या बोलीत मात्र ‘हर्क्स’ हा शब्द आठवडे, महिने चालणाऱ्या कोणत्याही त्रासाला लागू झाला आहे. स्वयंउपचारातील सर्वांत मोठा धोका प्रस्तुत लेखकाला येथे दिसतो. एकदा बिघाड हीच गुणाची खूण मानली, की औषधाची विषबाधा, यकृताचा दाह, अंगावर उठलेली ॲलर्जी आणि रोगाची खरी वाढ या चारही गोष्टी ‘औषध लागू पडते आहे’ या एकाच वाक्यात बसतात, आणि औषध थांबवण्याची वेळ कधी येतच नाही. देखरेखीखालच्या रुग्णाला निदान दुसरा कोणीतरी ‘थांबा’ म्हणू शकतो.

उपाय व अपाय : सर्वाधिक वापर डॉक्सिसायक्लीन या प्रतिजैविकाचा. रात्री आडवे होताना घोटभर पाण्याबरोबर घेतलेली कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून तेथे व्रण पाडते. सकाळी छातीच्या मध्यभागी जळजळ उठते व पाणी गिळणेही अवघड होते. उन्हात त्वचा भाजते. दुधाबरोबर घेतल्यास औषध नीट शोषले जात नाही. डोकेदुखी वाढून दिसण्यात अंधुकपणा आला, तर डोक्यातील दाब वाढल्याची शंका घ्यावी लागते. अमेरिकेत मत्स्यालयातील माशांसाठी म्हणून विकली जाणारी प्रतिजैविके माणसे घेतात. ही औषधे तेथील औषध प्रशासनाने मंजूर केलेली नाहीत. त्यांतील मात्रा व शुद्धता यांची हमी नसते.

औषधांचे मिश्रण हा स्वतंत्र धोका होय. ॲझिथ्रोमायसीन व हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन एकत्र घेतल्यास हृदयाची लय बिघडू शकते. रिफॅम्पिसीन गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटवते. मद्यपान सोडवण्यासाठीचे डायसल्फिराम २०१९ नंतर या रुग्णांत पसरले. त्याने यकृताला इजा, हातापायांत मुंग्या व काहींत मनोविकृती उद्भवते आणि खोकल्याच्या औषधातील थोडे मद्यही त्याबरोबर त्रास देऊ शकते. लसूण, दालचिनी, ओरेगॅनो यांची तेले व काही वनस्पतींचे अर्क काचपात्रात बोरेलिया मारतात, असे जॉन्स हॉपकिन्स येथील प्रयोगांत दिसले. काचपात्रातील ती तीव्रता माणसाच्या रक्तात सुरक्षितपणे गाठता येते असे त्यावरून ठरत नाही. कोलॉइडी चांदीने त्वचा कायमची निळसर-राखाडी होते. मीठ व क जीवनसत्त्व यांच्या मोठ्या मात्रांनी रक्तदाब चढतो व मूतखडे होऊ शकतात.

काही उपाय थेट जीवघेणे ठरले. बिस्मथयुक्त ‘बिस्मासीन’ टोचून घेतल्याने झालेल्या मृत्यूनंतर अमेरिकी औषध प्रशासनाने २००६ मध्ये इशारा दिला. त्याआधी, १९९०-९१ मध्ये, न्यू जर्सी व टेक्सासमधील रुग्णांनी स्वतःला मुद्दाम हिवताप लावून घेतल्याच्या नोंदी आहेत. व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेग यांना उपदंशजन्य मेंदुविकारावरील हिवतापोपचारासाठी १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. उपदंश व लाइम या दोन्हींचे जंतू मळसूत्राकृती, एवढ्या साधर्म्यावर ही कल्पना उचलली गेली. शिरेतील नळीबाबत २००० मधील एक प्रसंग वैद्यकात नेहमी सांगितला जातो. निदान सिद्ध न झालेल्या ३० वर्षांच्या एका स्त्रीला २७ महिने सेफोटॅक्सिम हे प्रतिजैविक शिरेतून दिले गेले आणि नळीच्या टोकाशी बुरशीयुक्त गुठळी होऊन ती दगावली. हा उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने चालला होता. तेथे ही गत, तर घरी स्वतः नळी धुणाऱ्याची जोखीम किती, याची कल्पना करावी. २०१७ मध्ये रोगनियंत्रण केंद्राने अशाच पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांत रक्तातील जंतुदोष, मणक्याचा संसर्ग व आतड्याचा क्लॉस्ट्रिडियम संसर्ग होता.

औषधाने अपाय झाला नाही तरी निदान लांबते. लाइम समजून उपचार चाललेल्या व्यक्तींत प्रत्यक्षात कर्करोग निघाल्याची उदाहरणे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली आहेत.

खबरदारी : चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल, तेल, पेटती विडी लावू नये. पिल्लावस्थेतील गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, म्हणून काख, जांघ व केसांची मुळे हाताने चाचपून पाहावीत. जंतू संक्रमित होण्यास ती बहुधा ३६ तासांहून अधिक काळ चिकटून असावी लागते. पहिल्या काही आठवड्यांत रक्तचाचणी नकारार्थी येऊ शकते आणि पुढे बरा झालेल्या माणसातही ती वर्षानुवर्षे होकारार्थी राहते. त्यामुळे केवळ अहवालावर औषध सुरू करणे वा पुन्हा सुरू करणे चूक. २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शनात चट्ट्यासाठी डॉक्सिसायक्लीनचा १० दिवसांचा क्रम सांगितला आहे. जो रुग्ण कोणाचेच ऐकण्याच्या स्थितीत नाही, त्यानेही थांबण्याची तारीख आधी लिहून ठेवावी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, यकृत व मूत्रपिंडाच्या चाचण्या करून घ्याव्यात आणि काढे, तेले धरून सर्व काही डॉक्टरांना सांगावे. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड, थंडी वाजून ताप, दिवसात तीनहून अधिक पातळ जुलाब, डोळे पिवळे होणे यांपैकी काहीही ‘हर्क्स’ म्हणून सोसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

भारतात : महाराष्ट्र-गोव्यात ‘गोचीडताप’ हा शब्द जनावरांच्या व माणसांच्या निरनिराळ्या रोगांना लावला जातो आणि त्यातून घोटाळा होतो. सिंधुदुर्गातील दोडामार्ग, सावंतवाडी भागात व गोव्याच्या सत्तरी तालुक्यात गेल्या दशकात आढळलेला माकडताप (क्यासनूर जंगल रोग, प्रथम नोंद १९५७, शिमोगा) विषाणुजन्य आहे. लाइमसाठी सांगितलेली प्रतिजैविके त्यावर चालत नाहीत. त्यात रक्तस्रावाचा धोका असल्याने दुकानातून आणलेली ॲस्पिरीन वा आयबुप्रोफेनची गोळी घातक ठरू शकते. काजूच्या बागेतून किंवा रानातून आल्यावर तीव्र ताप व डोकेदुखी सुरू झाल्यास रक्ताचा नमुना तपासून होईपर्यंत घरगुती उपचार करू नये.