हळद, बेदाणा आणि ‘शेतीमाल’: सांगलीतल्या अडतीवरच्या कराची पार्श्वभूमी

‘हळदीला जीएसटी लागला’ अशी ओरड सांगलीच्या मार्केट यार्डात २०२१च्या अखेरीस उठली, तेव्हा वाळलेल्या हळदीवर पाच टक्के कर लागून चार वर्षं उलटली होती. वाद मालावरच्या कराचा नव्हताच. शेतकऱ्याचा माल सौद्याला लावून अडत्या जी अडत, म्हणजे दलाली, घेतो, तिच्यावर कर बसणार का, एवढाच खरा प्रश्न होता. उत्तर मात्र एका जुन्या शब्दात अडकलं होतं, तो म्हणजे ‘शेतीमाल’.

याचं मूळ बरंच मागे जातं. १९२२च्या प्राप्तिकर कायद्याने शेतीचं उत्पन्न करातून वगळताना एक सोय ठेवली होती. माल बाजारात नेण्याजोगा व्हावा म्हणून शेतकरी सहसा जी प्रक्रिया करतो, ती शेतीतच धरायची. १९६१च्या कायद्याने ती कल्पना कायम ठेवली.

विक्रीकराच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. २००५ला राज्यात विक्रीकराच्या जागी व्हॅट (मूल्यवर्धित कर) आला, पण हळद, मिरची, चिंच, गूळ वगैरे माल माफीच्या यादीत होता. ही माफी कायमची नव्हती. मुदत संपत आली की राज्याच्या अर्थसंकल्पात ती पुढे ढकलली जाई, आणि मार्च उजाडला की व्यापाऱ्यांचं लक्ष तिकडे लागे. दरम्यान सेवाकराची घडी २०१२च्या जुलैत बदलली आणि त्यात ‘शेतीमाला’ची व्याख्या आली. त्यावर प्रक्रिया नसावी, किंवा असलीच तर शेतकरी सहसा करतो तेवढीच असावी. तिने मालाचा मूळ गुणधर्म बदलू नये, फक्त तो पहिल्या बाजारात विकण्याजोगा व्हावा. अशा मालाच्या खरेदी-विक्रीतल्या अडतीला माफी मिळाली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला तो हीच व्याख्या आणि हीच माफी घेऊन.

मग बिनसलं कुठे? दोन ठिकाणी. एक, जीएसटीच्या दरपत्रकात ओल्या हळदीवर शून्य आणि वाळलेलीवर पाच टक्के अशी फोड झाली. जिच्यावर कर आहे ती वस्तू शेतीमाल कशी, हा समज तिथून पसरला. तो चुकीचा आहे, कारण वस्तूचा दर आणि सेवेची माफी या दोन वेगवेगळ्या अधिसूचनांतल्या गोष्टी. दोन, नोव्हेंबर २०१७मध्ये गोदामभाड्याबद्दल एक परिपत्रक निघालं. चहा, गूळ, फोडलेल्या डाळी, प्रक्रिया केलेले मसाले आणि प्रक्रिया केलेला सुकामेवा हे शेतीमालात बसत नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. मसाल्यांवर आणि सुकामेव्यावर प्रक्रिया कुणी केलेली, शेतात की कारखान्यात, हे मात्र नीट सांगितलंच नाही. हळद आणि बेदाणा या दोन्हींवर जगणाऱ्या जिल्ह्यात हे एक वाक्य पुरेसं होतं.

आता हळदीचं प्रत्यक्ष काम पाहा. काढलेली हळद शेतकरी काहिलीत किंवा कुकरमध्ये शिजवतो, दिवसचे दिवस उन्हात वाळवतो, ड्रममध्ये फिरवून पॉलिश करतो, हळकुंड आणि गट्ठा (मधला गोल कंद) वेगळे करतो आणि मगच पोती यार्डात आणतो. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, साठायची तीही अशीच वाळलेली हळद. ओली हळद सौद्याला लावून हा बाजार चालत नाही. म्हणजे शिजवणं ही मसाल्याच्या कारखान्याची पायरी नाही, शेतकऱ्याच्या सुगीचाच भाग आहे.

तरीही सांगलीच्याच एका अडत्याने आगाऊ निवाडा (कर लागतो की नाही याचा आधीच मागितलेला निर्णय) मागितला, तेव्हा असे निवाडे देणाऱ्या राज्यातल्या पीठाने ही हळद शेतीमालात धरली नाही. अडतीची माफी गेली म्हणजे सेवांचा सर्वसाधारण अठरा टक्के दर आला, आणि पाठोपाठ नोंदणीही. अपिलात वरच्या पीठाने हा निर्णय फिरवला. अख्खी हळद शेतीमालच, असं ठरलं. पहिल्या निकालाचा गवगवा गावोगाव झाला, दुसऱ्याचा तेवढा झाला नाही. मुळात आगाऊ निवाडा अर्जदार आणि त्याचे अधिकारी यांच्यापुरताच बांधील असतो, ही गोष्ट दोन्ही वेळा बाजूलाच राहिली.

नोंदणीचा गुंता वेगळा आहे. सप्टेंबर २०१८च्या परिपत्रकाने सगळा भर कागदावर दिला. खरेदीदाराला बिल कुणाच्या नावाने जातं? शेतकऱ्याच्या नावाने गेलं तर अडत्या नुसता मध्यस्थ. अडत्याच्या स्वतःच्या नावाने गेलं तर कायद्याच्या लेखी तो ‘एजंट’, आणि माल करपात्र असेल तर नोंदणीही आलीच. यार्डातली वहिवाट शेतकऱ्याला पट्टी (विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी) आणि खरेदीदाराला अडत्याच्या पेढीचं बिल अशी. शेतकऱ्याने स्वतः बिल फाडायचं ही कल्पना कागदावरच ठीक. त्यामुळे अडत माफ असूनही अनेक पेढ्यांना मालावरचे पाच टक्के गोळा करून भरावे लागतात आणि विवरणपत्रं चुकत नाहीत.

बेदाण्याचा प्रश्न उशिरा सुटला. तासगाव, मिरज भागातला द्राक्षबागायतदार द्राक्षं द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळीवर वाळवतो. डिसेंबर २०२४मध्ये जीएसटी परिषदेच्या जैसलमेरच्या बैठकीत ठरलं की शेतकऱ्याने विकलेल्या बेदाण्यावर आणि मिरीवर जीएसटी देय नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये तसं परिपत्रकही आलं. शेतकऱ्याला नोंदणीतून सूट पहिल्या दिवसापासून होती, म्हणून हा नवा लाभ नव्हे, साडेसात वर्षांनी झालेला खुलासा आहे. व्यापारी विकतो त्या बेदाण्यावर पाच टक्के आहेतच. त्या परिपत्रकात मिरी आली, बेदाणा आला. हळदीचं नाव नाही, त्यामुळे हळदीच्या अडत्याला नोटीस आली तर व्याख्या आणि अपिलातला तो निकाल यांवरच उत्तर उभं करावं लागतं.