डासाचा एक पाय पुरतो

डास चावला की मलेरिया होणार, ही समजूत अजून जात नाही. डासांच्या साडेतीन हजारांवर जाती आहेत. माणसाला मलेरिया देतात त्या फक्त अ‍ॅनोफिलिस प्रजातीतल्या, त्यातल्याही मोजक्याच, आणि चावते ती मादी.

खरा पेच पुढे आहे. आफ्रिकेतला अ‍ॅनोफिलिस गॅम्बी एकेकाळी एकच जात समजला जाई. तो निघाला किमान आठ जातींचा गट. यातली गॅम्बी मुख्यतः माणसाला चावते, तर क्वाड्रिअ‍ॅन्युलेटस बहुतेक गुरांवर जगते आणि मलेरियाच्या प्रसारात तिला फारसं स्थान नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोघी वेगळ्या ओळखता येत नाहीत.

हा पेच सोडवणारी पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची) चाचणी १९९३ मध्ये स्कॉट, ब्रॉग्डन आणि कॉलिन्स यांनी प्रसिद्ध केली. मला ती फार सुंदर वाटते. पेशीत रायबोसोमच्या (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या) आरएनएची जनुकं शेकडो प्रतींमध्ये एकापुढे एक मांडलेली असतात, म्हणून डासाचा एक पायसुद्धा नमुन्याला पुरतो. ही जनुकं सगळ्या जातींत जवळपास सारखी. पण दोन जनुकांमधल्या डीएनएवर तेवढं बंधन नसतं, तिथे बदल साचत जातात. चाचणीत एक प्रायमर (डीएनएचा छोटा तुकडा) सर्व जातींत समान असलेल्या जनुकावर बसतो. उरलेले प्रायमर मधल्या भागासाठी, जातीगणिक वेगळे, आणि प्रत्येकाची जागा वेगळ्या अंतरावर. प्रायमरचं टोक तंतोतंत जुळलं तरच पॉलिमरेज (डीएनए जोडणारं एन्झाइम) पुढची साखळी जोडतं. तापवणं-थंड करणं तीसएक वेळा झालं की त्या दोन प्रायमरांमधल्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती तयार होतात. मग जेलमध्ये विजेच्या दाबाखाली लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात. ३९० बेसजोड्यांचा (डीएनएची लांबी मोजायचं एकक) पट्टा दिसला तर गॅम्बी, ३१५ चा तर याच गटातली अरेबिएन्सिस, १५३ चा तर क्वाड्रिअ‍ॅन्युलेटस. गॅम्बी आणि तिची जुळी बहीण कोलुझी यांचा पट्टा एकाच लांबीचा येतो. तिथे डीएनए कापणारं एन्झाइम वापरतात. ते एकीचा तुकडा कापतं, दुसरीचा नाही.

ध्वनिलहरींनी डास पळवणारी यंत्रं जोरात खपतात, पण त्यांनी चावे कमी होत नाहीत, असंच प्रयोगांत दिसलं आहे. तो पैसा मच्छरदाणीवर घालवावा. मात्र मच्छरदाणी सगळ्या जातींना सारखी अडवत नाही. पश्चिम केनियात औषध लावलेल्या मच्छरदाण्या घरोघरी पोचल्यावर गॅम्बीचं प्रमाण घसरलं आणि घराबाहेरही चावणाऱ्या, गुरांवरही भागवणाऱ्या अरेबिएन्सिसचा वाटा वाढला. हा बदल नुसत्या डोळ्यांना दिसलाच नसता, कारण सापळ्यात सापडणारे डास आधीसारखेच दिसत होते.