पन्नास डॉलरचे बूट आणि टेरी प्रॅचेट यांचे शहाणपण

ब्रिटिश कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांची वाक्ये त्यांचे एकही पुस्तक न वाचलेल्या माणसांपर्यंत पोहोचलेली आहेत. त्यांच्या 'डिस्कवर्ल्ड' या विनोदी, कल्पनारम्य कादंबऱ्यांच्या मालिकेतील निवडक वचनांचा संग्रह २००७ साली स्टीफन ब्रिग्ज यांनी सिद्ध केला आणि त्याच्या नावातच विनोद व शहाणपण हे दोन शब्द जोडीने आले. ही जोडी प्रॅचेट यांच्या लेखनात पहिल्यापासून नव्हती. त्यांच्या विनोदात शहाणपण कसे मुरत गेले, हे पाहायचे तर त्यांनी पोटापाण्यासाठी केलेल्या नोकऱ्यांपासून सुरुवात करावी लागते.

प्रॅचेट यांचा जन्म २८ एप्रिल १९४८ रोजी इंग्लंडमधील बीकन्सफील्ड येथे झाला. आपले खरे शिक्षण गावच्या सार्वजनिक वाचनालयात झाले, असे ते नेहमी सांगत. 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचे जुने बांधीव खंड त्यांनी तिथेच वाचून काढले. ज्यांच्या निबंधांत गंभीर विचार आणि कोटी हातात हात घालून चालतात, ते जी. के. चेस्टरटन याच गावचे रहिवासी होते. पुढे १९९० साली प्रॅचेट यांनी सहलेखनातून लिहिलेली कादंबरी चेस्टरटन यांच्या स्मृतीला अर्पण केलेली आहे. १९६५ साली शाळा सोडून ते 'बक्स फ्री प्रेस' या स्थानिक वृत्तपत्रात उमेदवारी करू लागले आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांना मृतदेह पाहावा लागला. मुलांसाठीच्या सदरातील गोष्टीही ते याच वृत्तपत्रात लिहीत. पुढे १९८० च्या सुमारास ते वीज मंडळात प्रसिद्धी अधिकारी झाले. त्यांच्या कार्यक्षेत्रात अणुवीज केंद्रे होती आणि अमेरिकेतील थ्री माइल आयलंडचा अपघात तेव्हा ताजा होता. घाबरलेल्या लोकांशी साध्या भाषेत बोलायचे आणि संस्था स्वतःची चूक कशी झाकते हे आतून पाहायचे, असा तो अनुभव होता. त्यांच्या कादंबऱ्यांतील टपाल खाते, टांकसाळ, विद्यापीठ आणि पोलीस चौकी इतकी जिवंत का वाटतात, याचे उत्तर मला या वर्षांत सापडते.

'द कलर ऑफ मॅजिक' ही पहिली डिस्कवर्ल्ड कादंबरी १९८३ मध्ये निघाली, तेव्हा ब्रिटनमधील पहिल्या आवृत्तीच्या जेमतेम ५०६ प्रती होत्या. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टोल्किन यांच्या यशानंतर तलवारी, चेटूक आणि काळ्या सम्राटांच्या कथांचे पीक आले होते. प्रॅचेट यांनी आरंभी त्याच साच्यांची थट्टा मांडली. त्यांचे जग ताटासारखे सपाट, ते चार हत्तींच्या पाठीवर आणि हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर. मराठी वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. महादेवाच्या देवळात शिरताना ज्या दगडी कासवाला हात लावून आपण पुढे जातो, त्याच्याशी याचे दूरचे नाते आहे. दिग्गज आणि कूर्म यांच्या भारतीय कल्पना युरोपात गेल्या, तिथे त्यांची अशी एकावर एक रचना रूढ झाली आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी तत्त्वज्ञानाच्या चर्चेत तिचा दाखला दिला. हत्ती कासवावर उभा, मग कासव कशावर, या प्रश्नापाशी गंमत आणि तत्त्वचिंतन एकत्र येतात. प्रॅचेट यांनी आपले सगळे जग याच चित्रावर उभारले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

थट्टेकडून माणसांकडे झालेले वळण १९८९ च्या 'गार्ड्स! गार्ड्स!' मध्ये स्पष्ट दिसते. साहसकथांत नायकाच्या हातून धडाधड मरणारे निनावी पहारेकरी इथे मध्यभागी आले. त्यांचा प्रमुख सॅम्युएल व्हाइम्स १९९३ च्या 'मेन ॲट आर्म्स' मध्ये बुटांचा हिशेब मांडतो. त्याचा पगार महिना अडतीस डॉलर आणि चामड्याचे चांगले बूट पन्नास डॉलरचे. परवडणारे दहा डॉलरचे बूट हंगाम-दोन हंगाम टिकतात, मग तळव्यातला पुठ्ठा झिजून पाणी आत येते. पन्नासचा जोड दहा वर्षे चालतो. तेवढ्या काळात गरीब माणसाचे स्वस्त बुटांवर शंभर डॉलर जातात आणि पाय तरी ओलेच राहतात. ज्याचे जळते त्याला कळते, अशा जातीचे हे अर्थशास्त्र आहे. सुट्या वचनात हा हिशेब येतो, पण पुढची गोष्ट बहुधा गळते. व्हाइम्सला ते पातळ तळ आवडतात, कारण धुक्याच्या रात्री पायाखालच्या फरशीच्या स्पर्शावरून आपण शहराच्या कोणत्या गल्लीत आहोत हे त्याला ओळखता येते. गरिबीची चीड आणि गल्लीबोळांवरची माया एकाच बुटात असते. म्हणूनच ही वचने कथेतून उपटून वाचू नयेत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

डिस्कवर्ल्डमधील मृत्यू या पात्राबद्दलही हेच म्हणता येईल. तो इंग्रजीत केवळ मोठ्या लिपीतील अक्षरांत बोलतो. देवनागरीत तशी सोय नसल्याने मराठी अनुवादकाला त्याचा आवाज वेगळ्या वाटेने शोधावा लागेल. १९९६ च्या 'हॉगफादर' मध्ये तो आपल्या नातीला सांगतो, की सारे विश्व कुटून बारीक चाळणीतून चाळले तरी न्यायाचा एक कण हाती लागणार नाही. तरीही माणसे न्याय आहे असे धरून वागतात आणि ते साधण्यासाठी लहानपणी परीकथांवर विश्वास ठेवण्याचा सराव लागतो. कल्पनारम्य साहित्याची इतकी ठाम बाजू एखाद्या समीक्षकाने मांडलेली माझ्या वाचनात नाही.

डिसेंबर २००७ मध्ये प्रॅचेट यांनी आपल्याला अल्झायमरचा दुर्मीळ प्रकार झाल्याचे जाहीर केले. टंकलेखन जमेनासे झाल्यावर ते तोंडी मजकूर सांगून लिहीत राहिले. १२ मार्च २०१५ रोजी त्यांचे निधन झाले आणि एकेचाळिसावी डिस्कवर्ल्ड कादंबरी त्याच वर्षी मरणोत्तर निघाली. व्हाइम्सचे बूट मात्र पुस्तकाबाहेर पडले. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२२ मध्ये कमी खर्चाच्या स्वयंपाकावर लिहिणाऱ्या जॅक मन्रो यांनी महागाईच्या सरासरी आकड्यांत गरिबांचा बाजारहाट दिसत नाही, अशी तक्रार करून सर्वांत स्वस्त किराण्याचा 'व्हाइम्स बूट निर्देशांक' जाहीर केला आणि प्रॅचेट यांच्या वारसांनी त्या नावाला संमती दिली. या चर्चेनंतर तेथील राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने सर्वांत कमी किमतीच्या तीस खाद्यवस्तूंचे भाव वेगळे तपासले, तेव्हा सर्वांत स्वस्त पास्ता एप्रिल २०२२ पर्यंतच्या वर्षभरात सुमारे पन्नास टक्क्यांनी महागला असल्याचे आढळले.