करिंथचं जेवण आणि ‘प्रभू’ या शब्दाचा पेच

‘उद्या, १५ तारखेला, नवव्या तासाला सरापिसच्या देवळात प्रभू सरापिसच्या पंगतीला जेवायला यावं, अशी खैरेमोनची विनंती आहे.’

दुसऱ्या शतकातला पपायरसचा हा चिटोरा इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस गावच्या उकिरड्यात सापडला. सरापिस हा तिथला, ग्रीकांनीही भजलेला देव. नववा तास म्हणजे आपले दुपारचे तीन. ‘पंगत’ हा माझा सोयीचा शब्द. मूळ ग्रीकमध्ये तिथे पलंग आहे, कारण ती मंडळी लवंडून जेवत. पण चिठ्ठीतला माझ्या कामाचा शब्द वेगळा आहे: ‘प्रभू’. ग्रीकमध्ये क्युरिओस.

तेव्हा हा शब्द सगळीकडे चालायचा. गुलामाचा धनी क्युरिओस, रोमचा सम्राट क्युरिओस, देवळातला देवही क्युरिओस. आपण परक्या माणसाला ‘अहो साहेब’ म्हणतो, तसाही तो वापरत. आणि ग्रीक बोलणारे यहुदी याच शब्दाने इस्राएलच्या देवाचा उल्लेख करत, कारण त्याचं खरं नाव उच्चारायची प्रथा मागे पडत चालली होती.

आता करिंथ या ग्रीक शहरात जाऊ. इ.स. ५३ ते ५५ च्या सुमारास ख्रिस्ती धर्माचा यहुदी प्रचारक पौल याने इफिसहून तिथल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं. तिथला एक वाद अगदी ताटातला होता: मूर्तीपुढे नैवेद्य दाखवलेलं मांस खावं की नाही? खैरेमोनच्या चिठ्ठीसारखी आमंत्रणं येणाऱ्या समाजात हा प्रश्न रोजचाच. उत्तर देताना पौल म्हणतो, जगात ‘पुष्कळ देव आणि पुष्कळ प्रभू’ म्हणवले जातात. आपल्याला मात्र एकच देव, म्हणजे पिता, ज्याच्यापासून सर्व काही झालं. आणि एकच प्रभू, येशू ख्रिस्त, ज्याच्या द्वारे सर्व काही झालं.

यहुदी कानाला या वाक्यात एक ओळखीची चाल ऐकू येते. ‘हे इस्राएला, ऐक, प्रभू आपला देव, प्रभू एकच आहे.’ ही शमा नावाची प्रार्थना, जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातली, सकाळ-संध्याकाळ म्हणायची. कोकणातल्या बेने इस्राएल समाजात, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ‘शनवार तेल्यां’त, अशी आठवण सांगतात की बाकीच्या प्रार्थना विस्मरणात गेल्या, पण शमा ओठांवर राहिली. इतकी ती हाडीमाशी मुरलेली. पौलाने तिच्यातलेच शब्द उचललेत: देव, प्रभू, एक, आपला. ‘देव’ पित्याकडे गेला, ‘प्रभू’ येशूकडे आणि ‘एक’ दोघांच्याही वाट्याला आला.

मराठी बायबल वाचणाऱ्याला हा सांधा दिसत नाही. शमामध्ये आपल्याकडे ‘परमेश्वर’ असतो आणि पौलाच्या पत्रात ‘प्रभू’. दोन वेगळे शब्द, दोन वेगळे कप्पे. स्तोत्र ११० मध्ये याच्या उलट गंमत होते. नव्या करारात सर्वांत जास्त वेळा आलेली जुन्या करारातली ही ओळ मराठीत ‘परमेश्वर माझ्या प्रभूला म्हणतो’ अशी स्वच्छ वाचता येते. हिब्रूतही दोन निराळे शब्द आहेत. ग्रीकमध्ये मात्र ‘प्रभू माझ्या प्रभूला म्हणाला’. कोण कोणाला म्हणाला, हे ओळखायचं काम वाचकाचं.

इथवर सगळं सरळ वाटतं. पण जुनी हस्तलिखितं उलगडली की पाय घसरतो. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतराचे ख्रिस्तपूर्व काळातले जे तुकडे हाती आहेत, त्यांत देवाच्या नावाच्या जागी क्युरिओस लिहिलेलंच नाही! कैरोच्या फुआद पपायरसमध्ये पहिल्या लेखनिकाने त्या ठिकाणी मोकळी जागा सोडली आणि दुसऱ्या कोणीतरी तिथे नावाची चार हिब्रू अक्षरं (य-ह-व-ह) भरली. मृत समुद्राजवळच्या नाहल हेवेर इथे सापडलेल्या गुंडाळीत तीच अक्षरं मुद्दाम पुरातन वळणाची आहेत. त्याच समुद्राकाठच्या कुमरानच्या चौथ्या गुहेतल्या ‘लेवीय’ या ग्रंथाच्या तुकड्यात ग्रीक अक्षरांत ‘याओ’ असा उच्चारच दिलाय. पुढे बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याने तर लिहून ठेवलं की हिब्रू न येणारे काही वाचक ती चार अक्षरं ग्रीक समजून ‘पिपी’ वाचत.

मग पौलाने क्युरिओस आणला कुठून? लिहिलं एक आणि वाचलं दुसरं, हा मला पटणारा मार्ग. हिब्रू वाचतानाही नावाच्या जागी ‘अदोनाय’, म्हणजे ‘प्रभू’, म्हणायचं, हीच रीत. शिवाय पौल स्वतः योएल संदेष्ट्याची ‘जो कोणी प्रभूचं नाव घेऊन धावा करील तो तरेल’ ही ओळ देतो, तेव्हा मूळ हिब्रूत चार अक्षरी नाव असलेल्या जागी तो क्युरिओस लिहितो आणि तो धावा येशूकडे वळवतो.

म्हणजे येशू हा इस्राएलचा देवच, असं पौल म्हणतो का? रिचर्ड बॉकम हे अभ्यासक म्हणतात, यहुद्यांचा प्रश्न ‘देव कशाचा बनलाय’ हा नव्हता, ‘देव कोण’ हा होता. आणि उत्तर होतं, ज्याने सगळं निर्माण केलं आणि जो सगळ्यावर राज्य करतो तो. म्हणजे देव आणि बाकी सगळे यांच्यात एक रेषा. देवदूत या रेषेच्या बाहेर. पौलाचं ‘ज्याच्या द्वारे सर्व काही’ येशूला रेषेच्या आत नेतं. दुसरे अभ्यासक जेम्स डन अधिक सावध होते. पौलाच्या पत्रांत प्रार्थना बहुधा ख्रिस्ताच्या ‘द्वारे’ पित्याकडे जाते, यावर त्यांनी बोट ठेवलं. आणि रेषा तरी सगळ्यांची कुठे सारखी होती? अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो देवाच्या ‘शब्दा’ला एके ठिकाणी ‘दुसरा देव’ म्हणून जातो. कुमरानच्या अकराव्या गुहेतला एक ग्रंथ स्तोत्रातला ‘देव’ हा शब्द मलकीसदेकाला, म्हणजे जुन्या करारातल्या एका याजक-राजाला, लावतो. मला बॉकम यांची बाजू वजनदार वाटते, पण फिलो वाचल्यावर हात थोडा आखडता घ्यावासा वाटतो.

एक कल्पना मात्र टिकली नाही. १९१३ मध्ये जर्मन अभ्यासक विल्हेल्म बूसेट यांनी मांडलं की येशूला ‘प्रभू’ म्हणून भजणं पॅलेस्टाइनमध्ये सुरूच झालं नाही. ते सरापिससारख्या पंथांच्या शेजारात, ग्रीक शहरांत घडलं. खैरेमोनची चिठ्ठी पाहिली की हे खरंही वाटू लागतं. पण करिंथच्या त्याच पत्राच्या शेवटी, ग्रीक मजकुरात, पौल एक अरामी उद्गार जसाच्या तसा ठेवतो, अर्थही सांगत नाही: मारानाथा. अरामी ही गालील आणि यरुशलेमची बोली. ग्रीकमध्ये क्युरिओस म्हणायच्या आधीच तिथे कोणीतरी येशूला ‘आमचा प्रभू’ म्हणत होतं. जुन्या हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत. त्यामुळे ‘मारान अथा’ तोडलं तर ‘आमचा प्रभू आला आहे’, आणि ‘माराना था’ तोडलं तर ‘आमच्या प्रभू, ये’.