पाच जिल्हे, आठ जिल्हे आणि मर्दुमशुमारी

मराठवाड्यात जिल्हे किती? नात सांगते आठ, आजोबा सांगतात पाच. दोघांचंही उत्तर आपापल्या काळात बरोबरच होतं. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच आजोबांनी शाळेत घोकलेले. 1981 साली जालना वेगळा झाला, 1982 मध्ये लातूर, 1999 मध्ये हिंगोली. 2023 पासून औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. म्हणून राज्याची माहिती शिकवताना आकड्याआधी साल सांगायला हवं. साल गाळलं की मुलं नुसती घोकंपट्टी करतात.

आपल्या भागाच्या आकड्यांना आणखी एक पदर आहे. इथली पहिली शिरगणती 1881 साली निजामाच्या हैदराबाद संस्थानात झाली. संस्थानातला उर्दू शब्द मर्दुमशुमारी. तिथून दर दहा वर्षांनी मोजणी होत राहिली. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आलं. 1951 ची जनगणना स्वतंत्र भारताची पहिली, पण मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. 1956 मध्ये आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, 1960 मध्ये महाराष्ट्रात. त्यामुळे महाराष्ट्राचा भाग म्हणून मराठवाड्याची पहिली मोजणी 1961 ची. त्याआधीचे आपले आकडे हैदराबादच्या अहवालांत शोधावे लागतात. एवढं सांगितलं तर इतिहासाचा तास आणि भूगोलाचा तास एकमेकांना जोडले जातात.

2011 मध्ये राज्याची लोकसंख्या 11 कोटी 23 लाखांवर होती. हा आकडा मुलांना पाठ असतो. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो बीडचा. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे 2001 मध्ये 894 मुली होत्या, 2011 मध्ये 807 उरल्या. शिकवताना तो टाळू नये. मोठ्या वर्गातल्या मुलींना तर त्याचा अर्थ कळलाच पाहिजे.

आणि मोजणीचा महिना. 2011 मध्ये माणसं मोजली गेली 9 ते 28 फेब्रुवारीत. नियम असा की या सगळ्या काळात जो घरी नाही, त्याची नोंद जिथे तो सापडेल तिथे होते. फेब्रुवारी म्हणजे साखर कारखान्यांचा ऐन गाळप हंगाम. दिवाळीच्या सुमारास उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन गेलेली बीडची कोयती, म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडपी, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडात असतात. आजी-आजोबांजवळ राहिलेलं पोर गावात मोजलं जातं, आईबापासोबत गेलेलं त्याचं भावंड कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. एकाच घरातली दोन भावंडं दोन जिल्ह्यांच्या आकड्यांत! ‘लोकसंख्या’ हा शब्द इथल्या मुलांना यापेक्षा चांगला कोणत्या उदाहरणाने समजवणार?

2021 ची जनगणना लांबली. आता 1 मार्च 2027 ही संदर्भतारीख ठरली आहे. या वेळी जातीची नोंद होणार आहे आणि माहिती मोबाइलवर भरली जाणार आहे. प्रगणक बहुधा गुरुजी आणि बाईच असतात, म्हणजे वर्गात शिकवणाराच दारोदार जाणार. त्याआधी वर्गाने आपल्या गल्लीची खानेसुमारी करून पाहावी: घरं किती, माणसं किती, आणि फेब्रुवारीत कुलूप लागलेली दारं किती.