जुनं लाकडी फर्निचर ओळखायचंय? आधी ते उलटं करून बघा

एक विचित्र खुर्ची डोळ्यासमोर आणा. बसायची जागा पुढे रुंद आणि पाठीकडे घोड्याच्या खोगिरासारखी निमुळती, हात मागच्या बाजूला वळून एकमेकांना मिळालेले, आणि पाठीच्याही मागे एक तिरकी फळी, वर-खाली करता येणारी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की काहीतरी चुकीचं जोडलंय. पण पाठीकडे तोंड करून, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलं की सगळं जागेवर येतं: कोपरं त्या वळलेल्या हातांवर टेकतात आणि पुस्तक तिरक्या फळीवर राहतं. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये लायब्ररीत वाचायला अशा खुर्च्या बनत होत्या. पुढे त्यांना 'कोंबड्यांच्या झुंजी बघायची खुर्ची' असं नाव चिकटलं आणि अजूनही बरेच जण तेच सांगतात.

म्हणून माझं म्हणणं असं की नाव शेवटी शोधायचं, आधी झीज बघायची. लाकूड कुठे गुळगुळीत झालंय, कडा कुठे गोल झाल्यात, पाय कुठे घासलेत. हात लावून बघा, जिथे माणसाचा तळवा किंवा कोपर खरंच पोचेल तिथेच झीज असायला हवी. सगळीकडे सारखीच झीज दिसली तर मला शंका येते, कारण ती बहुतेक पॉलिश पेपरने आणलेली असते.

मग वय. इथे लाकूड स्वतःच मदत करतं. लाकडातले सेल्युलोजचे तंतू खोडाच्या लांबीच्या दिशेने असतात आणि पाणी शिरतं ते या तंतूंच्या मधे, त्यामुळे वाळताना लाकूड आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत लांबीत साधारण ०.१ ते ०.२ टक्के कमी होतं, पण वाढीच्या वर्तुळांच्या कडेकडेने ६ ते १० टक्के, आणि गाभ्यापासून सालीच्या दिशेने त्याच्या साधारण निम्मं. म्हणून जुन्या गोल टेबलावर टेप धरा, एकदा रेषांच्या दिशेने आणि एकदा आडवा. शेकडो वर्षं वाळलेलं अखंड फळ्यांचं टेबल गोल राहत नाही, आडव्या मापात काही मिलिमीटर, कधी सेंटीमीटरभरही कमी भरतं. मला ही परीक्षा फार आवडते, टेपशिवाय काही लागत नाही. प्लायवूडमध्ये मात्र थर उलटसुलट चिकटवलेले असतात, तिथे असा फरक पडत नाही.

आता खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा, कारण सुताराने जी बाजू दिसणार नाही म्हणून पॉलिश केली नाही तिथेच खरी गोष्ट लिहिलेली असते. करवतीच्या सरळ पण कमीजास्त अंतरावरच्या खुणा म्हणजे हाताने कापलेलं. कमानीसारख्या वळणदार खुणा म्हणजे गोल पात्याची करवत, म्हणजे बहुतेक एकोणिसावं शतक किंवा त्यानंतरचं. स्क्रू काढून बघा: टोक बोथट, खाच मध्यापासून सरकलेली, आटे वेडेवाकडे, तर तो साधारण १८५० च्या आधीचा असू शकतो, टोकदार मशीनचे स्क्रू त्या सुमारास आले. चौफुली खाचेचा स्क्रू निघाला तर तो १९३० नंतरचाच. अर्थात एक स्क्रू नंतर बदललेला असू शकतो, म्हणून भोक पण बघा. लोखंड आणि ओकमधलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) ओलाव्यात एकत्र आलं की लाकूड निळं-काळं पडतं, ओकमध्ये तसा डाग नसेल तर तो स्क्रू तिथे बहुतेक फार दिवस राहिलेला नाही.

किड्यांच्या भोकांवर लोक लगेच भुलतात. भोक हा बाहेर पडण्याचा रस्ता आहे. अळी आत वर्षानुवर्षं पोखरत राहते आणि भुंगेरा होऊन बाहेर येताना साधारण १ ते २ मिमीचं गोल भोक पाडतो. पण बोगदे फळीच्या पृष्ठभागावर आडवे चिरलेल्या नाल्यांसारखे उघडे दिसत असतील तर लाकूड आधी किडलं आणि मग कापलं गेलं. म्हणजे जुन्या लाकडातून नंतर बनवलेलं फर्निचर!

लाकूड कोणतं हे ओळखायला १० पट भिंग घेऊन फळीचं आडवं कापलेलं टोक बघा. ओक आणि सागात मोठी छिद्रं वर्तुळाच्या सुरुवातीला रांगेत दिसतात, महोगनीत ती सगळीकडे विखुरलेली असतात, आणि पाइनमध्ये अशी छिद्रं नसतातच. रंगावर मात्र विसंबू नका, पॉलिशखाली कुठलंही लाकूड महोगनी होतं.

कार्बन डेटिंग करून टाका असं पुष्कळ जण सुचवतात, पण इथे ते फारसं कामाचं नाही. साधारण १६५० ते १९५० या काळात हवेतल्या कार्बन-१४ चं (ज्याच्या मापावरून हे वय काढतात) प्रमाण असं वरखाली झालंय की एकाच मापाला दोन-तीन वेगवेगळे काळ जुळतात, आणि तारीख मिळते ती झाडाच्या वर्तुळाची, सुताराच्या कामाची नाही. वाढीची वर्तुळं मोजणं जास्त नेमकं, ए. ई. डग्लस या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सूर्याच्या डागांचं चक्र शोधता शोधता ही पद्धत उभी केली. पण सालीकडचं लाकूड तासून टाकलेलं असेल तर त्यातूनही फक्त उरलेल्या शेवटच्या वर्तुळाच्या वर्षाआधी झाड तोडलेलं नाही एवढंच कळतं.

तर घरात असं काही सापडलं तर कृपा करून आधी रंधा, पॉलिश पेपर, नवीन पॉलिश यातलं काहीही करू नका. आधी खालून, मागून, खणांच्या आतून भरपूर फोटो काढा, कारण करवतीच्या खुणा आणि काळवंडलेली कच्ची बाजू एकदा घासली की परत येत नाही.