डबल ट्रिगर की क्रॉसटॉक? किक पॅडचा जास्तीचा ठोका ओळखताना

इलेक्ट्रॉनिक ड्रम्सच्या किक पॅडबद्दलची (पायाच्या पेडलने वाजवायचा पॅड) नेहमीची तक्रार म्हणजे न मारलेला ठोका वाजतो. मग वाजवणारा थेट मॉड्यूलच्या (पॅडचे सिग्नल घेऊन आवाज काढणाऱ्या यंत्राच्या) मेन्यूत शिरतो, थ्रेशोल्ड, म्हणजे ठोका मानण्यासाठी लागणारी किमान पातळी, वाढवतो, सेन्सिटिव्हिटी उतरवतो. होतं काय, तर पायाने हळू मारलेली किक ऐकूच येईनाशी होते आणि तो आगाऊ ठोका अधूनमधून वाजतोच. कारण एकसारख्या ऐकू येणाऱ्या या तक्रारीमागे दोन निरनिराळे दोष असू शकतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

किक एकदा मारली आणि दोनदा वाजली, तर तो डबल ट्रिगर. मारला स्नेअर किंवा टॉम (हाताने वाजवायचे बाकीचे ड्रम), आणि सोबत किकही वाजली, तर तो क्रॉसटॉक.

दोन्हींचं मूळ सेन्सरमध्ये आहे. बहुतेक पॅडमध्ये पायझो सेन्सर असतो. हादरा बसला की तो व्होल्टेज देतो. हादरा कुठून आला हे त्याला कळत नाही. बीटर (पेडलचा ठोका मारणारा दांडा) आदळला की व्होल्टेज एकदम उसळतं आणि मग हेलकावे खात विरतं. मॉड्यूल पहिल्या काही मिलिसेकंदांतला सर्वांत उंच हेलकावा पकडून ठोक्याचा जोर ठरवतं. त्यानंतरचा एखादा हेलकावा थ्रेशोल्डच्या वर गेला तर मॉड्यूलला तो नवा ठोका वाटतो, आणि डबल ट्रिगर होतो. स्नेअरचा हादरा रॅकमधून (पॅड ज्यावर बसवतात तो पाइपांचा सांगाडा) किंवा जमिनीतून किकच्या सेन्सरपर्यंत पोचला, तरी मॉड्यूल तसंच फसतं. तो क्रॉसटॉक.

किक नुसती वाजवून पाहिली तर फरक लगेच कळतो. अडचण येते ती पूर्ण ताल वाजवताना. किकच्या पाठोपाठ स्नेअर आहे, त्याच सुमारास डावा पाय हाय-हॅटवर आहे, अशा वेळी जास्तीची किक कुणामुळे आली हे कानाला सांगता येत नाही. तेव्हा मॉड्यूल संगणकाला जोडून मिडी, म्हणजे कुठला ठोका कधी आणि किती जोरात पडला याची नोंद, रेकॉर्ड करा. जनरल मिडीमध्ये किकचा नोट क्रमांक 36 आणि स्नेअरचा 38 असतो (तुमच्या मॉड्यूलमध्ये बदललेले असू शकतात). 36 च्या मागोमाग काही मिलिसेकंदांत पुन्हा 36 दिसला तर डबल ट्रिगर. 38 च्या अगदी बरोबर कमी व्हेलॉसिटीचा (कमी जोराचा) 36 चिकटलेला दिसला तर क्रॉसटॉक. एवढं पाहिल्याशिवाय मेन्यूला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

एक प्रकार मात्र इथेही चकवतो. स्पीकरवर, विशेषतः सबवूफर जवळ ठेवून वाजवताना, किकचाच आवाज हवेतून आणि जमिनीतून परत पॅडला हादरवतो. पडद्यावर 36 नंतर 36 दिसतो, म्हणजे डबल ट्रिगरच वाटतो, पण हादरा बाहेरून आलेला असतो. स्पीकर बंद करून हेडफोनवर तेच वाजवा. दुसरा ठोका गेला, तर पॅडला दोष देऊ नका, स्पीकर हलवा.

डबल ट्रिगर नक्की झाला, तर आधी बीटरकडे बघा. मारल्यावर बीटर पॅडवर दाबून धरायची अनेकांची सवय असते. दाबून धरताना तो किंचित उसळून पुन्हा टेकतो. तो खरोखरच दुसरा ठोका असतो, मॉड्यूल खोटं बोलत नसतं. पायाची सवय बदला किंवा पेडलचा स्प्रिंग आवळून पाहा. त्यानंतर हेडचा, म्हणजे पॅडवरच्या ताणलेल्या आवरणाचा, ताण. जाळीचं हेड सैल असेल तर आदळल्यावर बराच वेळ थरथरतं; फार ताणलं तर बीटरला उसळी जास्त मिळते. समोरासमोरचे स्क्रू चावीने थोडेथोडे फिरवत ताण सगळीकडून सारखा करा. बीटर मधोमध बसतो का तेही तपासा. डबल पेडल असेल तर दोन्ही बीटर मध्यापासून सारख्याच अंतरावर हवेत, नाहीतर डाव्या-उजव्या पायाचे आवाज वेगळे येतील.

हे सगळं करूनही दुसरा ठोका उरला तरच सेटिंग. रोलँडच्या मॉड्यूलमध्ये रीट्रिगर कॅन्सल (ठोक्यानंतरचे हेलकावे गाळणारं) आणि मास्क टाइम असतात, यामाहात रिजेक्ट टाइम. मास्क टाइम म्हणजे एका ठोक्यानंतर मॉड्यूलने किती वेळ कान झाकून बसायचं ते. इथे थोडा हिशेब करावा लागतो. 200 बीपीएमला (मिनिटाला 200 मात्रा) सोळांश नोटांमध्ये, म्हणजे मात्रेत चार ठोके असताना, 75 मिलिसेकंदांचं अंतर असतं, 240 ला 62.5. म्हणजे मास्क टाइम 64 मिलिसेकंदांवर नेऊन ठेवला तर 240 च्या लयीत एकाआड एक खरी किक गिळली जाईल. आधी 10 च्या आसपास ठेवा आणि गरजेपुरताच वाढवत न्या.

क्रॉसटॉकमध्ये हादऱ्याची वाट तोडायची असते. किकचा टॉवर (किक पॅडचा उभा स्टँड) रॅकच्या पाइपला टेकलेला आहे का? हाय-हॅटचं पेडल आणि टॉवर एकाच लाकडी फळीवर आहेत का? टॉवरखाली जाड मॅट घाला, पाय घट्ट बसवा, म्हणजे तो डुलणार नाही. बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं. उरलं तर मॉड्यूलमधलं क्रॉसटॉक कॅन्सल हे सेटिंग. एका पॅडवर जोराचा ठोका पडला की त्याच क्षणी दुसऱ्या पॅडवर आलेला हलका सिग्नल मॉड्यूल सोडून देतं, असं त्याचं काम. सहसा ते वाढवायचं असतं चुकून वाजणाऱ्या पॅडचं, म्हणजे इथे किकचं. पुष्कळजण स्नेअरचं वाढवत बसतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि तेही अति झालं तर जोराच्या स्नेअरखाली हळुवार मारलेली खरी किक नाहीशी होते.

मास्क टाइम जलद ठोके खातो आणि क्रॉसटॉक कॅन्सल एकत्र पडलेले हलके ठोके खातं. म्हणून निदान न करता दोन्ही थोडेथोडे वाढवून ठेवणं मला पटत नाही. दोन्हीकडून नुकसान, आणि कुठलं सेटिंग काय गिळतंय याचा पत्ता लागत नाही.

पूर्वी नीट चालणाऱ्या पॅडवर डबल ट्रिगर नव्याने सुरू झाला, तर तो झिजेचा परिणाम असण्याची शक्यता मोठी. स्क्रू वाजवून वाजवून सैल होतात. हेडखालचा फोम बीटर पडतो तिथे दबून कडक होतो, मग मधला ठोका बाजूच्यापेक्षा कितीतरी जोरात वाजू लागतो. बोटाने दाबून पाहा. दबलेला भाग परत वर येत नसेल तर फोम बदलायची वेळ झाली. बीटरची कड फुटली असेल किंवा फेल्ट झिजून खरखरीत झालं असेल, तर जाळी लवकर फाटते. फोम किंवा हेड बदललं की जुनी सेटिंग्ज तशीच ठेवू नका, पॅडचा प्रतिसाद बदललेला असतो.

आणि कुणी काहीच न वाजवता किक आपोआप वाजत असेल, तर हे दोन्ही नव्हेत. केबल प्लगजवळ हलवून बघा, दुसरी लावून बघा.